आमची वाटचाल : टिपरपासून बूस्ट लीकपर्यंत

गोव्यातल्या डिचोलीतले आमचे गॅरेज उभे राहिले ते खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकांच्या जोरावर. लाल धूळ, खनिजाच्या खेपा आणि महिनाअखेरीचा हिशेब. ती वर्षे बरी गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि टिपर दारोदार उभे राहिले. मालकाचे बँकेचे हप्ते थकलेले, तिथे मेस्ताची, म्हणजे मेकॅनिकची, उधारी कोण फेडणार? त्या वह्या अजून कपाटात आहेत. हाताखालची पोरे पांगली. त्यातली काही हमरस्त्यावरच्या नव्या वर्कशॉपने नेली. नेली तर नेली, वर "ते टिपर ठोकणारे, त्यांना कारमधले काय कळणार" असे गिऱ्हाइकांना सांगायचे. ते माझ्या कानावर यायचे.

आम्ही तगलो ते पेडण्याच्या एका टॅक्सीवाल्या काकांमुळे. त्यांची डिझेल गाडी चोर्ला घाट चढेना, मागे काळा धूर, स्कॅनरवर पी ०२९९ हा कोड, म्हणजे बूस्ट (टर्बो इंजिनात भरतो तो हवेचा दाब) कमी. वर्कशॉपने पाइपात धूर सोडून गळती शोधायचे मशीन लावून लीक नाही म्हणून सांगितले आणि नव्या टर्बोचे इस्टिमेट हातात दिले. अहो, त्या मशीनचा दाब साधारण एक पीएसआयसुद्धा (पीएसआय हे दाबाचे माप) नसतो. घाटात पाइपात १५-१८ पीएसआय भरतो, रबर तेव्हा फुगते आणि चीर तेव्हा तोंड उघडते. आयडलला, म्हणजे नुसते इंजिन चालू ठेवून, तीच गाडी शहाण्यासारखी उभी असते.

आमचे अवजार घरचे. पीव्हीसीचे बूच, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह, मागे रेग्युलेटर आणि कंप्रेसर. एअर फिल्टरकडचा पाइप सोडवायचा, बूच टर्बोच्या तोंडावर आवळायचे, दाब हळूहळू १५ पर्यंत न्यायचा, साबणाचे पाणी फवारायचे आणि कंप्रेसर बंद करून कान द्यायचा. काकांच्या गाडीत इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करतो तो) होज पाइपला पोटाच्या बाजूने, क्लिपच्या जरा खाली चीर होती. वरून काही दिसत नव्हते, पण खाली तेलाचा ओलावा आणि त्यावर धूळ चिकटलेली. फेस भसाभसा उसळला.

"मेस्ता, आनी टर्बो?"

"टर्बो बरो आसा, काका."

पाइप बदलला, कोड पुसला. काकांनी ही हकीकत दाबोळी विमानतळाच्या स्टँडवर इतकी रंगवली की टॅक्सीवाले रांगेने येऊ लागले. मोपाचा विमानतळ तेव्हा व्हायचा होता.

विषय निघालाच आहे तर सांगतो. बूच नीट बांधा, सैल राहिले तर थेट तोंडावर येते. तेलाच्या झाकणातून थोडी फुसफुस ऐकू आली की लगेच पिस्टनच्या रिंगांना दोष देऊ नका. इंजिनाचा हवा आत घेणारा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, क्रँक थोडा फिरवून पुन्हा ऐका. इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकीची दुमडलेली कड विसरू नका. टर्बोचा दाब आवरणाऱ्या ॲक्चुएटरची व्हॅक्यूम नळीही पाहा, पावसाळ्यात उंदीर ती हमखास कुरतडतात. आणि क्लिप जास्त आवळून चीर बुजत नाही, उलट पाइप कापला जातो.

खाणींची ती वर्षे गेली ती गेली. ते वर्कशॉप मात्र हल्ली अडलेल्या गाड्या संध्याकाळी, शटर ओढायच्या वेळेला, मागच्या दाराने आमच्याकडे पाठवते. बिलावर नाव त्यांचेच. टेस्टचे पैसे मी आगाऊ घेतो.