सन १९ मधला मुक्तिदिन

गोव्यात आर ही आकडेमोडीची संगणकभाषा शिकायला पावसाच्या तक्त्याइतका चांगला तक्ता नाही. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस, १२ तालुके, प्रत्येकापुढे मिलिमीटरमधला एक आकडा. सगळ्या मिळून १,४६४ ओळी. मुख्य म्हणजे उत्तर साधारण काय यायला हवं हे इथल्या माणसाला आधीच ठाऊक असतं. सत्तरीत तिसवाडीपेक्षा जास्त पडतो, जुलै सप्टेंबरपेक्षा ओला असतो. संगणकाने याच्या उलट काही सांगितलं, तर चूक पावसाची नव्हे हे कळायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. आरसोबत आयरिस नावाचा तक्ता फुकट मिळतो, १५० फुलांच्या पाकळ्यांच्या मापांचा. त्यात पाकळीच्या लांबीची सरासरी ३.७६ आली काय आणि ७.६३ आली काय, आपण दोन्ही तितक्याच श्रद्धेने वहीत उतरवून घेतो.

अर्थात सरासरीपर्यंत पोचायला आधी फाइल उघडावी लागते, आणि बरीच मंडळी तिथेच अडकतात. 'कॅनॉट ओपन द कनेक्शन' हे वाचून पुष्कळ जण वायफाय तपासायला उठतात. पावसाळ्यात तो संशय अगदीच वावगा नाही, पण इथे इंटरनेटचा काही संबंध नसतो. कामाची गोष्ट त्याच्या खालच्या वॉर्निंगमध्ये लिहिलेली असते: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. आर ज्या फोल्डरमध्ये उभी आहे तिथे त्या नावाची फाइल नाही, एवढंच. गेटडब्ल्यूडी विचारलं की ती कुठे उभी आहे ते कळतं, लिस्ट.फाइल्स म्हटलं की तिला काय दिसतंय ते कळतं. या दुसऱ्या यादीत पुष्कळदा उत्तर सापडतं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट (तक्त्याच्या फाइलला बहुधा .सीएसव्ही) लपवून ठेवतं, म्हणून कुणीतरी नाव बदलताना हौसेने पुन्हा .सीएसव्ही लावलेलं असतं आणि फाइल झालेली असते पाऊस.सीएसव्ही.सीएसव्ही. नाहीतर तीच फाइल व्हॉट्सॲपवरून दोनदा उतरवल्यामुळे नावामागे कंसात १ चिकटलेला असतो.

पूर्ण पत्ता लिहायला गेलं तर विंडोजची उलटी तिरकी रेघ आडवी येते. सी ड्राइव्हच्या युझर्स फोल्डरचा पत्ता जसाच्या तसा चिकटवला, की उलट्या रेघेपुढचा मोठा यू पाहून आरला वाटतं, आता युनिकोड अक्षराचा क्रमांक येणार. तो येत नाही म्हणून ती कुरकुरते. सगळ्या रेघा सरळ / अशा कराव्यात किंवा उलटी रेघ दोनदा लिहावी. त्याहून बरं म्हणजे आरस्टुडिओत, म्हणजे आर लिहायच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये, प्रोजेक्ट करून फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवावी आणि पत्ता लिहिण्याची भानगडच मिटवावी.

नुसता लाल रंग पाहून घाबरायचं कारण नाही. डीप्लायर हे पॅकेज (म्हणजे आरला जोडायचा तयार आज्ञांचा संच) उघडताना फिल्टर आणि लॅग ही नावं झाकली गेल्याची सूचना येते आणि ती पाहून नवा माणूस पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करायला धावतो. तशी गरज नसते. ओळीच्या सुरुवातीला एरर आहे का, एवढं पाहावं. एरर म्हणजे काम झालं नाही. वॉर्निंग म्हणजे काम झालं, पण तुम्हाला हवं तसंच झालं याची हमी नाही. आणि वीस ओळी एकदम चालवून आठ एरर आल्या, तर वर जाऊन पहिली वाचायची. बाकीच्या सात बहुधा तिचीच पिलावळ असते: तक्ता वाचलाच गेला नाही, म्हणून स्तंभ नाही, म्हणून सरासरी नाही, म्हणून आलेख नाही.

'ऑब्जेक्ट नॉट फाउंड' आणि 'कुड नॉट फाइंड फंक्शन' या जोडगोळीची कारणं ठरलेली. नाव चुकीचं लिहिलंय. आरला लहान-मोठी अक्षरं वेगळी दिसतात, त्यामुळे सरासरी काढणारा मीन मोठ्या एमने लिहिला तर तो तिच्या ओळखीचा नाही. किंवा ते नाव तयार करणारी ओळ लिहिलीय पण चालवलेलीच नाही. किंवा पॅकेज उघडलेलं नाही. यातलं शेवटचं सगळ्यांना एकदा तरी नडतं, कारण 'काल तर इन्स्टॉल केलं होतं!' इन्स्टॉल करणं म्हणजे मे महिन्यात छत्री विकत घेणं. बाहेर पडताना ती दरवेळी हातात घ्यावी लागते, ते काम लायब्ररीचं. इन्स्टॉल करताना नावाला अवतरणचिन्हं लागतात, लायब्ररीला नसली तरी चालतात. ही विसंगतीच आहे, तिचं समर्थन करत बसू नये. अवतरणचिन्हंही साधी, उभी हवीत. वर्डमधल्या नोट्समधून कोड उचलला की वळलेली सुबक चिन्हं येतात आणि 'अनएक्स्पेक्टेड इनपुट' अशी तक्रार येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून अर्धा तास जातो. ती पुसून हाताने टाइप केली की मिटलं.

'अनएक्स्पेक्टेड सिम्बॉल' आला की आर जिथपर्यंत वाचू शकली तिथपर्यंतचा मजकूर दाखवते. चूक बहुधा त्या शेवटच्या शब्दाच्या किंचित आधी असते, बहुतेक वेळा राहिलेला स्वल्पविराम. आणि कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, > च्या जागी + दिसू लागला तर आर बिघडलेली नाही, ती कंस किंवा अवतरणचिन्ह पूर्ण होण्याची वाट पाहतेय. अशा वेळी एंटर बडवत राहिलं तर पुढच्या सगळ्या ओळी ती त्याच अपुऱ्या वाक्यात ओढून घेते. एस्केप दाबावं, > परत येतो.

एक एरर मात्र मुद्दाम थांबून पाहण्यासारखी आहे: 'ऑब्जेक्ट ऑफ टाइप क्लोजर इज नॉट सबसेटेबल'. शिकाऊ माणूस तक्त्याचं नाव हमखास डीएफ ठेवतो. फाइल उघडली नाही, त्यामुळे त्याचा डीएफ तयारच झाला नाही. तो मात्र पुढच्या ओळीत डीएफमधला पाऊस मागतो. आता आरमध्ये डीएफ नावाचं एक फलन, म्हणजे फंक्शन, आधीपासून आहे, एफ वितरणाची घनता काढणारं. आरला ते सापडतं, आणि फलनातून स्तंभ कसा काढणार म्हणून ती हे गूढ वाक्य बोलते. क्लोजर म्हणजे तिच्या लेखी फलनच. तक्त्याचं नाव 'पाऊस' ठेवलं असतं, तर सरळ 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड' आलं असतं. डीएफ आणि डेटा ही दोन नावं पहिल्या वर्षाला तरी बंद करावीत.

इथवरच्या चुका बोलक्या आहेत. तक्ता उघडल्यावर ज्या येतात त्यांतल्या निम्म्या मुक्या असतात, आणि पावसाचा तक्ता खरा उपयोगी पडतो तो तिथे.

पावसाच्या नोंदीत मोजता न येण्याइतकी भुरभुर झाली, तर आकड्याऐवजी टीआर अशी खूण असते. १,४६४ जागांपैकी एका जागी जरी टीआर असलं, तरी अख्खा स्तंभ मजकूर म्हणून वाचला जातो. मग मीन मागितला की एनए, म्हणजे 'माहीत नाही', येतं आणि सोबत 'आर्ग्युमेंट इज नॉट न्यूमेरिक' ही वॉर्निंग. आकड्यात स्वल्पविराम असला किंवा कुणी हौसेने देवनागरी आकडे भरले असले तरी हेच. आरला इंग्रजी अंकच कळतात. यावर लगेच ॲज.न्यूमेरिक लावलं, की न कळलेल्या सगळ्या जागी एनए बसतं, मग एनए वगळायला सांगणारं एनए.आरएम = ट्रू लिहिलं की एक आकडा येतो आणि सगळे खूश होतात. पण टीआरचा अर्थ 'माहीत नाही' असा नाही, 'जवळजवळ शून्य' असा आहे. ते दिवस गाळले की कोरडे दिवस कमी होतात आणि सरासरी फुगते. टीआरच्या जागी शून्य घालावं, आणि खरोखर नोंद नसलेले दिवस तेवढे एनए राहू द्यावेत.

त्या खऱ्या एनएंचाही निकाल एनए.आरएम फार परस्पर लावतं. सरासरी काढताना ते दिवस भागाकारातून वगळले जातात, इथवर ठीक. पण मोसमाची बेरीज करताना तेच लिहिलं, तर नोंद नसलेला प्रत्येक दिवस बिनपावसाचा ठरतो. पर्जन्यमापक बंद राहिला जुलैत, आठवडाभर, सांग्यात. आणि बेरजेने तो आठवडा कोरडा काढला. म्हणून आधी सम आणि इज.एनए मिळून किती जागा रिकाम्या आहेत ते मोजावं, तेही तालुकावार. काही तक्त्यांत रिकाम्या जागेसाठी -९९९ लिहिण्याची पद्धत असते. ते आकडेच असल्याने आर चकार शब्द काढत नाही, ऋण पाऊस निमूटपणे मिळवून टाकते. समरी चालवून किमान आणि कमाल पाहिलं की हे लगेच उघडं पडतं.

फॅक्टरचा घोळ जुन्या नोट्समुळे टिकून आहे. २०२० साली आलेल्या ४.०.० आवृत्तीआधी रीड.सीएसव्ही मजकुराचा आपोआप फॅक्टर, म्हणजे क्रमांक लावलेली गटांची यादी, करायची. अशा फॅक्टरवर थेट ॲज.न्यूमेरिक लावलं तर मिलिमीटर मिळत नाहीत, यादीतले क्रमांक मिळतात: १, २, ३. आधी ॲज.कॅरेक्टर, मग ॲज.न्यूमेरिक, असं दोन टप्प्यांत जावं.

तालुक्यांच्या नावांचं काय सांगावं! रोमन लिपीत बार्देश शेवटी झेड लावूनही लिहितात आणि एस लावूनही, सासष्टीत एक टी की दोन यावर एकमत नाही, मुरगावची तर दोन-तीन रूपं सरकारी पाट्यांवरच भेटतात. फोंडा एका फाइलमध्ये नीट आणि दुसरीत मागे एक रिकामी जागा घेऊन येतो. डोळ्याला कळत नाही, आरला कळतं. वेगवेगळी नावं तेवढी देणाऱ्या युनिकची लांबी १२ यायला हवी. १५ आली तर टेबल करून कोणत्या नावापुढे संशयास्पद कमी नोंदी आहेत ते पाहावं. मागची जागा ट्रिमडब्ल्यूएसने जाते, स्पेलिंग हातानेच दुरुस्त करावं लागतं. हे न करता लोकसंख्येचा तक्ता मर्जने जोडला, तर ज्यांची नावं जुळत नाहीत त्या ओळी आर न सांगता टाकून देते, कारण मर्जची मूळ रीतच ती आहे. जोडण्याआधी एनरो, म्हणजे ओळींची संख्या, १,४६४, जोडल्यावर १,३४२ आलं, तर एक अख्खा तालुका गेला असं समजावं. फरक बरोबर १२२ आहे.

आता तारखा. १९/१२/१९६१ ही गोवा मुक्तीची तारीख गोव्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ती ॲज.डेटला स्वरूप न सांगता दिली, तर उत्तर येतं ००१९-१२-१९. एरर नाही, वॉर्निंग नाही. आर आधी वर्ष-महिना-दिवस हा क्रम आडव्या रेघांसह लावून पाहते, तो बसत नाही. मग तोच क्रम तिरक्या रेघांसह लावते, तो बसतो. १९ झालं वर्ष, १२ झाला महिना, आणि दिवसाला दोनच अंक लागतात म्हणून १९६१ मधले पहिले दोन उचलले. उरलेले ६१ तिने सोडून दिले. दिवस-महिना योगायोगाने बरोबर आल्यामुळे ही चूक नजरेतून सहज सुटते. मुक्तिदिन फक्त १,९४२ वर्षं मागे सरकला. गोवा घटकराज्य झालं ती तारीख, ३०/०५/१९८७, दिली तर मात्र सन ३० मधली १९ मे येते आणि काहीतरी बिनसल्याचं कळतं.

पावसाच्या तक्त्यात याचा खेळ आणखी बेमालूम. २०२३ च्या मोसमातल्या सगळ्या तारखा अशा वाचल्या, तर प्रत्येक दिवस त्या त्या महिन्याची २० तारीख होतो, आणि दिवसाचा आकडा वर्ष बनतो. वेगवेगळ्या तारखा मोजल्या तर त्या १२२ च भरतात. महिनावार सरासरी काढली तर तीही अगदी बरोबर येते, कारण महिना जागेवरच आहे. भांडं फुटतं ते काळाचा आलेख काढल्यावर किंवा रेंज विचारल्यावर: ०००१-०६-२० ते ००३१-०८-२०. चार महिन्यांच्या पावसाला ३० वर्षं लागलेली असतात. उपाय एका ओळीचा आहे, स्वरूप सांगायचं: %डी/%एम/%वाय, यातली पहिली दोन अक्षरं लहान आणि वाय मोठा. वाय लहान लिहिला तर वर्षाचे दोनच अंक वाचले जातात आणि २०२३ चा पाऊस २०२० मध्ये पडतो. आणि वर्ष मुळातच ६१ असं दोन अंकी लिहिलेलं असेल, तर लहान वाय त्याचं २०६१ करतो, कारण ०० ते ६८ पर्यंतच्या आकड्यांना आर २० जोडते, ६९ पासून पुढे १९. म्हणजे मुक्ती अजून व्हायचीच आहे.

हे सगळं करूनही अडलं, तर मदत मागताना मोबाइलने तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नये. एररचा मजकूर कॉपी करावा, आणि डीपुट व हेड वापरून तक्त्याच्या पहिल्या दहा ओळी सोबत द्याव्यात. समोरच्याला तुमचा तक्ता आपल्या मशीनवर जसाच्या तसा उभा करता येतो, स्तंभ मजकुराचे आहेत की आकड्यांचे यासकट.

आणि आरस्टुडिओ बंद करताना वर्कस्पेस सेव्ह करू का असं विचारलं जातं, तेव्हा नाही म्हणावं. ग्लोबल ऑप्शन्समध्ये जाऊन 'नेव्हर' निवडलं तर प्रश्नच येत नाही. सेव्ह केलं की कालच्या वस्तू आजही मेमरीत हजर असतात आणि अर्धी स्क्रिप्ट त्यांच्या जिवावर चालते, फक्त तुमच्या मशीनवर. प्रॅक्टिकलची फाइल सरांकडे देण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एफ१० दाबून आर नव्याने सुरू करावी आणि पहिल्या ओळीपासून सगळं चालवावं. तेव्हा एखादी ओळ 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड' म्हणून अडली, तर ती वस्तू करणारी ओळ रात्री थेट कन्सोलमध्ये टाइप केलेली असते आणि स्क्रिप्टमध्ये उतरवायची राहून गेलेली असते. एन्व्हायरन्मेंटच्या शेजारच्या हिस्टरी टॅबमध्ये ती बहुधा अजून सापडते.