खालांचा रोजा

सोलापुरात मधुमेहाच्या ओपीडीत नुसत्या मराठीवर भागत नाही. पूर्व भागातल्या विणकर बाया तेलुगूत बोलतात, अक्कलकोटकडचे कन्नडमध्ये, विजापूर वेशीकडची माणसं दखनीत. शिवाय उपासतापास प्रत्येकाचे वेगळे. पेशंट ते सहसा सांगत नाहीत, कारण आपण ओरडू ही भीती. लपवलेला उपासच सगळ्यात घातक ठरतो.

रमजानमधली दुपार होती. आमच्या एक वयस्क पेशंट, सगळे त्यांना खाला म्हणजे मावशी म्हणतात. सूनबाईंनी त्यांना धरून आत आणलं. घामानं ओढणी चिंब, हात थरथरत होते. मी ग्लुकोमीटर काढला, तशी त्यांनी मूठ आवळली. "नक्को सिस्टर. खून निकला तो रोजा टूटता."

रांगेतले एक काका म्हणाले, "देव काय मरा म्हणतो का?" मी त्यांना गप्प केलं. अशा वाक्यानं माणूस आणखी घट्ट मिटतो. सूनबाईंकडे मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांचा नंबर होता. फोन स्पीकरवर टाकला. त्यांनी आधी मलाच विचारलं, "जान को खतरा है क्या?" मी म्हटलं, साखर 70 च्या खाली असली तर आहे. मग ते खालांशी बोलले: तपासणीनं रोजा तुटत नाही. जीवावर बेतत असेल तर सोडा, बरं वाटल्यावर कजा ठेवा, म्हणजे राहिलेला रोजा नंतर भरून काढा. आजार ठेवूच देत नसेल तर फिदया द्या, एका रोज्यामागे एका गरिबाचं जेवण.

खालांनी बोट पुढे केलं. साखर 54. ग्लुकोजचं पाणी दिलं. "बिस्मिल्लाह" म्हणून त्या प्यायल्या आणि रडायला लागल्या. पंधरा मिनिटांनी साखर वर आली, रडणं मात्र थांबेना. घरात नातवंडांचेही रोजे, त्यांच्यासमोर आपण खायचं कसं? ते दुःख साखरेपेक्षा मोठं होतं. मी त्यांचा हात धरून बसले.

नंतर कळलं, खालांनी सहरीला, म्हणजे पहाटे रोज्याआधीच्या जेवणाला, इन्सुलिनचा नेहमीचा पूर्ण डोस घेतला होता. डॉक्टरांनी तूर्त रोजे थांबवायला सांगितलं, आणि पुढे रोजे ठेवलेच तर मोठा डोस इफ्तारला, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडताना, आणि सहरीचा निम्मा असं ठरवून दिलं. आता आम्ही शाबानमध्येच, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, प्रत्येकाला विचारतो, रोजे ठेवणार का. ठेवू नका असं म्हणून सुरुवात करत नाही.

खाला उठल्या तेव्हा शेजारच्या पद्मशाली आजींनी मला जवळ बोलावलं. "सिस्टर, शुक्रवारी मी बी काय खात नाही. सुई तेवढी घेते. सांगितलं नव्हतं."

मी त्यांची फाइल उघडली.