एचेवेर्रिया म्हणजे नवघरे

स्पेनच्या उत्तरेकडच्या पाम्प्लोनातल्या लॉजवर खोली घेताना नोंदणीचा कागद पुढे आला. त्यात आडनावासाठी दोन रकाने होते, पहिल्यात वडिलांचं, दुसऱ्यात आईचं. मी पहिला भरला आणि दुसऱ्यात रेघ ओढली. काउंटरवरच्या बाईंनी रेघेवर बोट ठेवून विचारलं, "आणि आईचं?" आईचंही हेच, असं मी खुणेनं सांगितलं. पण वर खोलीत गेल्यावर चैन पडेना, कारण ते खरं नव्हतं. आई माहेरची नवघरे. लग्नानंतर ते नाव रेशनकार्डावरून गेलं, पासबुकावरून गेलं. आता ते फक्त तिच्या शाळेच्या दाखल्यावर आहे.

स्पेनमध्ये बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही, आणि मुलाला आईचं आणि वडिलांचं अशी दोन्ही आडनावं लागतात. हे मला वाचून ठाऊक होतं. त्या रेघेनंतर ते टोचायला लागलं.

दुसऱ्या दिवशी बसने उत्तरेला बास्तानच्या खोऱ्यात, एलिसोन्दोला गेले. पाऊस नुकता थांबलेला, डोंगर हिरवेगार, थेट आपल्या श्रावणातल्या कोकणासारखे. घरं मोठी, पांढऱ्या भिंतींची, कोपऱ्यांना आणि दारांच्या कमानींना तांबूस दगड. कित्येक घरांवर बुद्धिबळाच्या पटाचं चिन्ह कोरलेलं. ते या खोऱ्याचं मानचिन्ह. मी मात्र दारांवरच्या नावांच्या पाट्या वाचत हिंडत होते. एका पाटीवर एचेबेर्रिया दिसलं आणि पाय थबकले.

इथल्या बास्क लोकांच्या भाषेत 'एचे' म्हणजे घर, 'बेर्री' म्हणजे नवं, आणि शेवटचा 'आ' म्हणजे 'ते'. ते नवं घर. नवघरे!

बास्क मुलखात नाव आधी घराचं असायचं, मग माणसाचं. घर वारशाने एकाच मुलाकडे जायचं, भावाभावांत वाटणी व्हायची नाही, आणि घरात राहणारा त्या घराच्या नावाने ओळखला जायचा. गोइकोएचेआ म्हणजे वरचं घर, बेंगोएचेआ म्हणजे खालचं घर, एचेआंदिया म्हणजे मोठं घर. आमच्या आजोळच्या वाडीतही वरचं घर, खालचं घर, थोरलं घर असंच म्हणतात. "खालच्या घरची" एवढं म्हटलं की कोण ते कळतं. १९८३ मध्ये मॅराडोनाचा घोटा मोडणारा बिल्बाओचा बचावपटू गोइकोएचेआ, म्हणजे आपल्या भाषेत वरच्या घरचा.

ज्याला घर मिळालं नाही, तो बाहेर पडला. कुणी दर्यावर्दी झाला, कुणी पाद्री, कुणी अमेरिकेला गेला, आणि घराचं नाव बरोबर नेलं. म्हणून 'नवं घर' इतकं पसरलं. एचेवेर्रिया, एचावार्री, चावार्रिया, फ्रान्सच्या बाजूला एचेवेरी, सगळी एकाच शब्दाची रूपं. अर्जेंटिनात रोमँटिक कविता आणणारा एस्तेबान एचेवेर्रिया १८०५ मध्ये ब्युनोस आयर्सला जन्मला आणि १८५१ मध्ये मोंतेविदेओला परागंदा अवस्थेत वारला. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लुईस एचेवेर्रिया १९७० ते १९७६ सत्तेवर होते. त्याआधी ते गृहमंत्री असताना १९६८ मध्ये त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तो डाग त्यांच्या नावावर कायम राहिला. क्युबात याच आडनावाचा विद्यार्थी नेता, होसे आंतोनियो, १३ मार्च १९५७ ला हवानात हुकूमशहाविरुद्धच्या उठावात चोविसाव्या वर्षी मारला गेला. लॅटिन अमेरिकेच्या इतिहासात, समोरासमोरच्या बाजूंना, एकच आडनाव. पाटी वाचताना हे सगळे डोक्यात गर्दी करत होते.

पण मला ज्याच्यासाठी यायचं होतं, तो दक्षिणेला होता. पाम्प्लोनाहून पन्नासेक किलोमीटरवर खाविएर, गोव्याच्या सेंट फ्रान्सिस झेवियरचं जन्मगाव. सांग्वेसापर्यंत बसने जाऊन उरलेले आठेक किलोमीटर मी चालले. मार्चमध्ये हजारो माणसं याच वाटेने पायी किल्ल्याकडे जातात. मी गेले तेव्हा शेतं कापून झालेली होती आणि वाटेवर कुणी नव्हतं.

खाविएर हाही तोच शब्द. 'एचेबेर्री'चा पहिला 'ए' गळला, आणि झालं शाबेर्री, शाविएर. पुढे स्पॅनिशमध्ये 'श' घशात जाऊन 'ख' झाला. पोर्तुगीजांनी मात्र 'श' ठेवला, म्हणून गोव्यात फ्रान्सिसला शाविएर म्हणतात. मुंबईत १८६९ चं कॉलेज इंग्रजी उच्चाराने झेवियर्स झालं. आणि तो शब्द मुळात 'नवं घर'!

किल्ला लहान आहे, पण कडेने फिरताना मनावर दडपण येतं. १५०६ च्या एप्रिलच्या ७ तारखेला फ्रान्सिस इथे जन्मला. वडिलांचं नाव हुआन दे खासो. हा मुलूख तेव्हा नावार्रा नावाचं वेगळं राज्य होता, आणि ते त्याच्या राजाचे मोठे अधिकारी होते. किल्ला मात्र आईकडचा होता. ती मारिया दे आस्पिल्कुएता, बास्तानच्याच घराण्यातली. थोरल्या भावांपैकी एक तर आस्पिल्कुएता हेच आईचं नाव लावायचा. आडनाव तेव्हा आजच्यासारखं पक्कं नव्हतं. फ्रान्सिसने आईच्या घराचं नाव घेतलं.

आणि घर तर पडतच होतं. १५१२ मध्ये शेजारच्या कास्तिल राज्याने नावार्रा घेतलं, १५१५ मध्ये वडील गेले, १५१६ मध्ये कास्तिलचा कारभार पाहणाऱ्या कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकमाने किल्ल्याचे बुरूज उतरवले. दहा वर्षांच्या पोराने ते पाहिलं असणार. १५२१ मध्ये त्याचे भाऊ पाम्प्लोनात नावार्राच्या बाजूने लढले. समोरच्या बाजूला जखमी झालेला इग्नेशियस, जेझुइट संघाचा संस्थापक, पुढे त्याचाच गुरू झाला. १५२५ मध्ये धाकटा फ्रान्सिस पॅरिसला निघाला. १५४२ च्या ६ मे रोजी तो गोव्यात उतरला, दहा वर्षांनी चीनजवळच्या एका बेटावर वारला.

किल्ल्याच्या छोट्या देवळात अक्रोडाच्या लाकडाचा एक क्रूस आहे. ख्रिस्ताच्या ओठांवर स्पष्ट हसू, आणि भोवतीच्या भिंतींवर हाडांचे सापळे नाचताहेत. मी तिथे बराच वेळ थांबले. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये गर्दीतून फ्रान्सिसचं शव ठेवलेल्या चांदीच्या पेटीकडे पाहिलेलं आठवलं. गोंयकार त्याला 'गोंयचो सायब' म्हणतात, त्यात हिंदूही आहेत. १५४६ मध्ये त्यानेच गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, हवं म्हणून पोर्तुगालच्या राजाला लिहिलं आणि १५६० मध्ये ते आलं, हेही मला विसरता येत नाही. दोन्ही गोष्टी त्या हसऱ्या चेहऱ्यासमोर माझ्या मनात एकत्रच होत्या.

परतीच्या चालीत आईला फोन केला. सांगितलं की तुझं माहेरचं नाव इथे दारादारांवर आहे, आणि गोव्याच्या सायबानेही आपल्या आईच्या घराचं नाव लावलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमचं मूळ गाव नवघर. नवं घर कुणी बांधलं, कुणालाच ठाऊक नाही." उरणकडे एक नवघर आहे, वसईकडे एक. तिच्या वडिलांनी कुठलं सांगितलं होतं, हे तिला आठवेना.

सांग्वेसात त्या रात्री राहिले. मालकिणीने तोच कागद पुढे केला, तेच दोन रकाने. दुसऱ्यात मी नवघरे लिहिलं. तिने ते मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला, 'घ' काही तिला जमेना, म्हणून मी अक्षरं सुटी करून तिला तीनदा म्हणून दाखवली.