तुम्ही विचारलंत म्हणून: इंटर्नला उत्तर का सांगत नाही?

"बाहेर पेशंट खोळंबलेत, आणि तुम्ही इंटर्नला प्रश्न कसले विचारत बसता? सांगून टाका ना सरळ!" नाशिकमधले सहकारी फिजिओ हे इतक्यांदा म्हणतात की एकदा नीट लिहितेच.

द्राक्षबागेत काम करणाऱ्या बाईंचा खांदा घ्या. ऑक्टोबर छाटणीत दिवसभर हात मांडवाला, आता उजवा हात वर जात नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'फ्रोजन शोल्डर', म्हणजे सांधाच आखडलेला. इंटर्न लगेच शेक, आयएफटी (दुखण्यावर दिला जाणारा सौम्य विजेचा करंट), पुलीचा व्यायाम सुरू करतो. 'अरे, हा फ्रोजन नाही' असं मी म्हटलं, तर या एका खांद्याचं उत्तर त्याला मिळेल. पुढच्या चिठ्ठीवर तो पुन्हा तसाच विश्वास ठेवेल.

म्हणून हिस्ट्री झाली की, खांद्याला हात लावण्याआधी, तीन शक्यता कागदावर लिहायच्या. प्रत्येकीखाली काय मिळालं तर ती खोडायची, तेही. घोडं इथेच अडतं. दुजोरा देणाऱ्या टेस्ट सगळ्यांना पाठ असतात, खोडणारी कुणी लिहीत नाही. कोपर कुशीला टेकवून त्याने स्वतः बाईंचा हात बाहेर वळवला आणि तो पूर्ण वळला, तर फ्रोजन खोडलं. उरल्या दोन. हात बाजूने वर नेताना साधारण 60 ते 120 अंशांतच दुखतं, आपण विरोध केल्यावर जोर लावताना दुखतं, तर रोटेटर कफ, म्हणजे खांद्याभोवतीचे स्नायू. मान मागे आणि त्याच बाजूला नेल्यावर कळ कोपराखाली उतरते, तर आधी मान. मग एकच उपचार, आणि लगेच तीच हालचाल त्याच पोझिशनमध्ये गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीने) पुन्हा मोजायची. फरक नसेल तर दहा सिटिंग लिहून द्यायच्या नाहीत, यादीकडे परत यायचं.

हे प्रश्न पेशंटसमोर नाहीत, पडद्याबाहेर. विचारल्यावर गप्प राहायचं. आपणच उत्तर पुरवलं की त्याचा विचार तिथेच थांबतो.

वेळ जातो, मान्य. आणि सगळीकडे प्रश्नच विचारते असंही नाही. जिना चढताना डावा खांदा दुखून घाम फुटतो, किंवा कूस बदलूनही रात्रीची कळ थांबत नाही आणि वजन उतरतंय, तिथे सरळ सांगते: उपचार थांबव, आत्ता डॉक्टरांकडे पाठव.

पूर्वी माझंच म्हणणं होतं, भरपूर पेशंट बघू दे, विचार आपोआप येईल. आपोआप येतो तो हाताचा वेग. पण त्या म्हणण्यात तथ्यच नव्हतं असं आजही म्हणवत नाही. ज्याने चार खांदेही हाताळलेले नाहीत, तो तीन शक्यता आणणार कुठून? त्याला आधी करूनच दाखवावं लागतं. किती दाखवायचं आणि कधी हात मागे घ्यायचा, हे प्रत्येक इंटर्नमागे बदलतं, आणि सहा महिन्यांत त्याची इंटर्नशिप संपते.