गुरुवार सोडून

आमच्या घरातला संगणक २०११ सालचा आहे. एच६१ जातीचा मदरबोर्ड आणि त्यावर इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर अशी जोडी त्या वर्षी जमवली, आणि तेव्हापासून बोर्डावरच्या आठ पायांच्या, नखाएवढ्या चिपमध्ये राहणाऱ्या बायोस या प्रोग्रॅमला मी कधी हात लावला नव्हता. बटण दाबल्यावर सगळ्यांच्या आधी उठणारा, मेमरी आणि कीबोर्ड जागेवर आहेत ना हे पाहणारा आणि मग विंडोजच्या हाती किल्ल्या देऊन बाजूला होणारा हा जुना कारभारी. त्याला उगाच कशाला डिवचायचे, असे माझे मत होते.

गेल्या पावसाळ्यात मात्र कारभारी विसराळू झाला. रोज सकाळी संगणकावर १ जानेवारी २०११ उजाडू लागली आणि तारीख मागची असल्यामुळे बँकेपासून रेल्वेपर्यंत प्रत्येक संकेतस्थळ मला असुरक्षित ठरवून दारातूनच परत पाठवू लागले. बायोस अपडेट करावा, या विचाराने मी बोर्डाच्या उत्पादकाची यादी उघडली. बहुतेक आवृत्त्यांपुढे ‘सिस्टिमचे स्थैर्य सुधारले’ एवढेच लिहिले होते. जुन्या पोस्टकार्डावरच्या ‘इकडील सर्व क्षेम’ या ओळीतून जेवढी बातमी कळायची, तेवढीच यातून कळली. तारखेचा उल्लेख कुठेही नव्हता. शेवटी दोष निघाला तो संगणक बंद असताना तारीख सांभाळणाऱ्या, बोर्डावरच्या तीन व्होल्टच्या, नाण्यासारख्या सीआर२०३२ सेलमध्ये. चाळीस रुपयांत काम झाले, आणि ज्या आवृत्तीच्या टिपणात आपले दुखणे नाव घेऊन लिहिलेले नाही, ती आपल्यासाठी नाही, असा नियम मी स्वतःपुरता करून टाकला.

यामागची भीती अनाठायी नव्हती. अपडेट करताना चिपवरचा जुना मजकूर आधी पुसला जातो आणि मग नवा चढतो. मधल्या दोन-तीन मिनिटांत वीज गेली, तर जागे कसे व्हायचे हेच संगणकाला आठवत नाही आणि आठवण करून द्यायला आत दुसरे कोणी नसते. (महागड्या बोर्डांवर राखीव चिप असते, आमचा बोर्ड त्यांतला नव्हे.) २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या व्हायरसने जिथे साधले तिथे याच मजकुराचा चोथा केला होता, आणि असे संगणक चिप बदलल्याखेरीज किंवा ती पुन्हा लिहून आणल्याखेरीज उठले नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले तेव्हाही माझी चलबिचल झाली होती. पण आमच्या वयाच्या बोर्डासाठी नवा बायोस निघालाच नाही, आणि प्रोसेसरचा सुधारित मायक्रोकोड, म्हणजे त्याच्या आतल्या सूचना, विंडोजलाही सुरू होताना चढवता येतो हे कळल्यावर मी निश्चिंत झालो.

दिवाळीत भाच्याने कुठूनसा तिसऱ्या पिढीचा आय५ आणला. “मामा, खाच तीच आहे, बसवून टाकू,” तो म्हणाला. खाच तीच होती हे खरे. परंतु ती २२ नॅनोमीटरची पिढी एप्रिल २०१२ मध्ये आली आणि आमच्या बायोसने तिचे नावही ऐकले नव्हते. यादीत मात्र एका आवृत्तीपुढे नेमके त्याच पिढीचे नाव लिहिले होते. माझाच नियम माझ्यावर उलटला होता. शिवाय जुना प्रोसेसर जागेवर असतानाच हे काम उरकावे लागते. आधी नवा बसवला, तर जुना बायोस त्याला ओळख देत नाही आणि पडदा काळाच राहतो.

मग तयारीला लागलो. यूपीएसची वायर खेचून पाहिली, तर तो वीस सेकंदांत मान टाकून मोकळा झाला. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून बारा व्होल्टची नवी बॅटरी आणावी लागली. पुण्यात गुरुवार हा वीज-पाण्याच्या दुरुस्तीचा वार, म्हणून तो सोडून शनिवारची दुपार धरली. पेनड्राइव्हवर फाइल घेतली आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. तासभर गीझर लावू नकोस, असे बायकोला सांगितले, तेव्हा तिने कुणाचे ऑपरेशन आहे का, असे विचारले.

पडद्यावर अपडेटची पट्टी भरत होती तोवर मी आणि भाचा दोघेही बोललो नाही. ती पूर्ण भरली, संगणक आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला, विंडोजचे चिन्ह दिसले आणि क्षणात पडदा निळा झाला. “मामा, गेला,” भाचा म्हणाला. मी थरथरत्या हाताने मोबाइलमधले फोटो उघडून बायोसच्या पानांशी ताडून पाहू लागलो. चौथ्या पानावर, हार्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे त्या ओळीत फोटोत ‘एएचसीआय’ होते आणि पडद्यावर ‘आयडीई’. नव्या बायोसने आमच्या सगळ्या सवयी पुसून कारखान्यातल्या लावल्या होत्या. ती एक ओळ पूर्ववत केली, बदल जतन करायला एफ१० दाबले आणि विंडोज नेहमीच्या संथपणाने उघडले.

भाच्याने लगेच स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मी त्याला आधी चहा घ्यायला लावला.