तुम्ही विचारलंत म्हणून : प्रार्थनेनंच ते बोलायला लागले का?

वाचा गेलेल्या माझ्या नवऱ्याबद्दलचा हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, दवाखान्याच्या बाकावर तर हमखास येतो. हिंदू मैत्रिणी जरा चाचरत विचारतात, "बाई, तुमच्या प्रार्थनेनं खरंच काही झालं का हो?" आमची मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं विचारत नाहीत, थेट सांगतात, "एकदा साक्ष द्या ना!" साक्ष म्हणजे उपासनेत उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगणं. तिचा एक ठरलेला साचा असतो. आधी संकट, मग गुडघे टेकले, मग सगळं सुरळीत. आमची गोष्ट त्या साच्यात बसत नाही, म्हणून मी आजवर टाळत आले. आता लिहूनच टाकते.

आमचे हे एस.टी.त कंडक्टर होते, नगर-पुणे गाडीवर. दिवसभर बोलणारा माणूस. २०११ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे उठायला गेले आणि पलंगाशेजारी कोसळले. वय चव्वेचाळीस. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले, आणि वाचा गेली. रक्तदाबाची गोळी त्यांनी चार महिन्यांपासून परस्पर बंद केली होती, "आता बरं वाटतंय" म्हणून. यात सैतानाचा हात आहे, असं पुढे एकानं मला सांगितलं. हात होता खरा, पण गोळ्यांची पट्टी ड्रॉवरमध्ये ढकलणारा तो हात यांचाच होता.

पैशाचं रडगाणं गात नाही. माझी प्राथमिक शाळेतली नोकरी होती, पतपेढीचं कर्ज काढलं, ते फिटलं.

बोलण्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. डॉक्टर याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. माणसाला समजतं, काय म्हणायचंय तेही आत असतं, पण शब्द हाताशी लागत नाही. पाण्याचा पेला समोर असायचा, हे त्याच्याकडे बघत "त... त... त..." करायचे आणि घाम फुटायचा. गंमत म्हणजे एक शिवी तेवढी अगदी खणखणीत यायची. सासूबाई कानावर हात ठेवायच्या. मला मात्र त्या दिवसांत ती शिवी ऐकूनही बरं वाटायचं.

चौथ्या आठवड्यात मंडळीतल्या बायका घरप्रार्थनेला आल्या. टिळकांचं भजन सुरू झालं. हे टिळक म्हणजे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, काही वर्षं आमच्या नगरातच होते, आणि त्यांच्या अभंग-ओव्यांवर मराठी चर्चच्या पिढ्या वाढल्या. दुसऱ्या कडव्याला पलंगावरून एक पुरुषी आवाज मिसळला. हे गात होते. शब्दासकट, सुरात, पूर्ण ओळ. बायका रडायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "चमत्कार!" मीही तेच म्हणाले. त्या रात्री चार आठवड्यांत पहिल्यांदा झोपले म्हटलं तरी चालेल.

पुढच्या रविवारी दुसऱ्या एका चर्चमध्ये आमची साक्ष कुणी परस्पर देऊन टाकली: मुका माणूस बोलायला लागला. मग लोक बघायला यायला लागले. येणारा म्हणायचा, "भाऊ, तुमचं नाव सांगा." यांना स्वतःचं नाव येईना. एका पाहुण्या प्रचारकानं डोक्यावर हात ठेवून तीनदा विचारलं आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "घरात विश्वास कमी पडतोय. त्या गोळ्या आधी फेकून द्या." आत जाऊन बघते तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. गोळ्या मी फेकल्या नाहीत. त्या प्रचारकाला चहाही विचारला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पुण्याच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी मला ते गाणं उलगडून सांगितलं. बोलण्याची केंद्रं बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतात, सुरांचं काम बरंचसं उजवीकडून चालतं. यांची उजवी बाजू शाबूत होती. शिवाय लहानपणापासून घोटलेल्या गोष्टी वेगळ्याच वाटेनं येतात: आकडे, वार, शिव्या, प्रार्थना. १९७३ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी यावरून एक पद्धतच बसवली. वाक्य दोन सुरांत गुणगुणायचं, सोबत रुग्णाच्या डाव्या हातानं ठेका द्यायचा, आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. "कुठलं गाणं पाठ आहे यांना?" मॅडमनी विचारलं. त्या ख्रिस्ती नव्हत्या, पण टिळकांच्या त्या भजनाची चाल त्यांनी माझ्याकडून शिकून घेतली.

मग चमत्कार नव्हता का? मला हा प्रश्न कळतच नाही. ज्या गाण्याच्या वाटेनं हे परत येत होते, ते गाणं यांच्यात कुणी घातलं होतं? शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात, यांच्या आईनं, दर रविवारी, कान पिळून. तिला तरी काय ठाऊक, कशासाठी ते!

रोज संध्याकाळी वीस मिनिटं. "पा-णी दे." टक, टक, टक. पाच महिने फक्त पाणी. बायबलात प्रेषित पौलानं रोमकरांस लिहिताना संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा असा क्रम लावलाय. त्या धीराला किती महिने लागतात, ते मात्र पौल सांगत नाही.

पुण्याला आम्ही पंधरा दिवसांनी रेल्वेनं जायचो. एस.टी.त प्रवासी म्हणून चढायला हे तयार नव्हते, पायरीशीच डोळे भरायचे. गाडी दौंडवरून जाते आणि पुढे केडगाव लागतं. आमच्या नगरला खेटून असलेलं केडगाव वेगळं, हे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. रमाबाई मला शाळेपासून पाठ: दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पटकीनं नवरा, पदरात तान्ही मुलगी. पाठ असलेल्या गोष्टीचं आपल्याला काही वाटेनासं होतं, तसं झालेलं. खिडकीशी बसून मला आठवायचं ते त्यांचं दुसरंच काम. अधू कानांची ती बाई उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसली. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणायचं म्हणून पुढची कितीतरी वर्षं ती एकेका शब्दापाशी थांबत राहिली. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला बाई स्वतः गेल्या. मुक्तीच्याच छापखान्यातून पूर्ण बायबल बाहेर पडलं ते १९२४ मध्ये. अक्षराचा एकेक खिळा जुळवून पान उभं राहायचं तो काळ. मला त्यांच्या थोरवीपेक्षा त्या खिळ्यांचा आधार वाटायचा. पाच महिन्यांत एक शब्द, म्हणजे अगदीच काही वाईट नाही, असं वाटायचं.

देवाचा राग आला का, हेही विचारता. आला. फार आला. एक वर्षभर मी उपासनेत बसायचे आणि ओठ मिटून घ्यायचे. त्या काळात बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र सापडलं. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं रडून-भांडून शेवटी स्तुतीला लागतात, हे लागत नाही. अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे, कुणी काढून टाकलं नाही. मी ते मोठ्यानं वाचायचे, स्वयंपाकघराचं दार लावून. माझी प्रार्थना म्हणाल तर त्या वर्षी तेवढीच.

आणि एक आमच्या पाळकसाहेबांच्या मिसेस. बायबलातल्या संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले होते, पुढे तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. या बाईंनी तोंड उघडलंच नाही. दर मंगळवारी यायच्या, मेथी निवडायच्या, जायच्या.

आता तुम्हाला खरं ऐकायचंय ते. आज यांच्याकडे शंभर-सव्वाशे शब्द आहेत. नातवाला हाक मारतात, फोनवर "हां, बोला" म्हणतात आणि पुढे फोन माझ्याकडे देतात. गाडीचे थांबे सगळे येतात, सुपा, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली, पण ओळीनंच. मधलं एखादं विचारलं तर पहिल्यापासून सुरुवात. हात तसाच आहे.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. रात्री जेवायला बसलो होतो. यांना अजून एक भाकरी हवी होती आणि शब्द सापडेना. बोट दाखवलं असतं तर मी वाढलीच असती, पण यांनी हट्टानं डोळे मिटले आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." मला वाटलं, ताटावर बसून हे काय मधेच! नाव पवित्र मानलं गेलं, राज्य आलं, स्वर्ग-पृथ्वी झाली, आणि "आमची रोजची भाकर" पाशी हे थांबले. डोळे उघडले. टोपलीकडे बघत पुन्हा म्हणाले, "भाकर." एकटा शब्द, मागचं-पुढचं काही नाही. सासूबाईंनी दोन वाढल्या.

अजूनही रविवारी सगळी मंडळी ती ओळ म्हणते, तेव्हा हे कोपरानं मला हळूच ढोसतात.