दिवाडीला जाताय? मग ओहोटीला मानशीवर जाऊन बसा

चवथीचे पाहुणे गेले, घर जरा शांत झालं आणि त्या रविवारी सकाळी मी भाचीला स्कूटरवर मागे बसवून ओल्ड गोवा गाठलं. व्हाइसरॉयच्या कमानीतून सरळ खाली उतरलं की फेरीचा धक्का लागतो, तिथून मांडवी नदीतलं दिवाडी बेट. फेरीत पुढच्या बाजूला उभे राहा, कारण घारी तिथेच दिसायला लागतात. पांढरं डोकं आणि विटकरी अंग दिसलं की ती ब्राह्मणी घार, मांडवीवर ती रोजची आहे, पण पाण्यावरून काहीतरी उचलताना एकदा नीट बघाच.

बेटावर उतरल्यावर बरेच जण थेट पिएदादच्या टेकडीवर चर्चकडे जातात. वरून दिसतं छानच, पण माझं ऐकाल तर आधी खाजनाकडे वळा. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन आणि त्या बांधात जिथे पाण्याची ये-जा होते तिथे असते मानस, लाकडी दारांची. जाळं झाडत बसलेल्या एका काकांनी भाचीला कोकणीत समजावलं, की बाय, भरती आली की पाण्याच्या जोराने दार आपसूक लागतं आणि ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर जातं. त्या पाण्याबरोबर मासळी येते आणि मासळीच्या मागे सगळेच येतात! वंचक, छोटे बगळे, खंड्या, हवेत एका जागी फडफडत राहून मग खाली सूर मारणारा कवड्या खंड्या, सगळे एकाच जागी. वंचक बसलेला असेपर्यंत चिखलात दिसतच नाही, उडाला की पांढरेशुभ्र पंख उघडतात, भाची दर वेळी दचकायची आणि दर वेळी हसायची.

चिखलाकडेही बघा. निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, परांवर सरकत चालतात, आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती वर-खाली हलवत असतात, कोणाला तरी हाका मारल्यासारखे. ते सगळे नर, मादीच्या दोन्ही नांग्या छोट्याच असतात. तुम्ही जवळ गेलात की सगळे बिळात, मग न हलता थांबायचं, थोड्या वेळाने एकेक करून परत वर येतात.

शेतात भात निसवलेलं होतं त्यामुळे मुनियांचे थवे होते आणि माडाच्या झावळ्यांना सुगरणीची घरटी. त्यात काही अर्धवट सोडलेली दिसतील. नर अर्धं विणतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तरच पुढचं काम. बांधाच्या कडेला कुर्डू, टाकळा, तेरडा आणि एका कुंपणावर चढलेली कळलावी, लाल-पिवळी, चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीत बांधतात तीच. तेरड्याची पिकलेली बोंडं बोटाने दाबून बघा, फट्‌कन फुटून बिया उडतात, मुलांचा अर्धा तास मजेत जातो. कळलावीला मात्र मुलांना हात लावू देऊ नका, तिचा कंद फार विषारी असतो.

आता कामाचं. निघायच्या आधी मोबाईलवर ओहोटीची वेळ बघा, पाणी उतरत असताना पोचायला हवं, भरतीला जाऊन फारसं दिसत नाही. बांधावर गाडी घालू नका, ते मातीचे आहेत आणि शेवटी सगळी दुरुस्ती शेतकऱ्यांच्याच गळ्यात येते. गवतात साप असतो, बूट घाला. पाण्यात पाय सोडून बसू नका, जवळच्या कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत. पाणी आणि टोपी हवीच, बांधावर सावली नाही. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तरी मानशीवर पक्षी इतके जवळ येतात की अडत नाही.

परतताना त्याच वाटेने येऊ नका, दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी आहे, पलीकडे सप्तकोटेश्वराचं देऊळ करून डिचोलीमार्गे घरी येता येतं. शेवटची फेरी किती वाजता ते धक्क्यावरच विचारून ठेवा. आणि बदकं बघायची असतील तर थंडीत करमळीच्या तळ्यावर जा, रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येतं.